उत्तर: सीनियरसमोर नुसतं मागे मागे जाणं

बॉक्सिंगच्या सरावात सीनियर पुढे आला की मी गार्ड (चेहऱ्यासमोर धरलेले हात) वर करून थेट रिंगच्या दोरापर्यंत मागे जातो, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. गार्ड ठीक आहे, गडबड पायांत आहे. सरळ मागे गेलात की तुम्ही बरोबर त्याच्या क्रॉसच्या (मागच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) टप्प्यात राहता. फार तर दोन पावलं मागे, तिसरं बाजूला.

त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) उजव्या तळव्यावर हनुवटीजवळच झेला आणि त्याच क्षणी स्वतःचा जॅब सोडा. हात पुढे नेऊन जॅब अडवायला गेलात की अनुभवी गडी जॅबची नुसती हुलकावणी देतो आणि मोकळ्या पडलेल्या उजव्या गालावर डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसतो. नवख्यांना सगळ्यात जास्त मार इथेच बसतो.

क्लबात राज्य स्पर्धा खेळलेला मुलगा समोर आला, तर सरांशी आधीच ठरवून घ्या: 16 औंसचे ग्लोव्हज, हेडगार्ड, 2 मिनिटांचे 3 राऊंड, पहिल्यात दोघांचाही फक्त जॅब. तरीही तो जोर कमी करत नसेल तर सरळ बाहेर या, त्यात कसली लाज? हेडगार्डने जखम टळते, मेंदूला बसणारा हादरा नाही. डोकं दुखलं, गरगरलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा रिंगमध्ये उतरू नका.