जर्नलनं ३१% सिमिलॅरिटी म्हणून पेपर परत पाठवलाय, आता नेमकं काय बदलू?

गुळाची_ढेप
नमस्कार, जरा लांबलंय, सांभाळून घ्या. माझी पीएचडी फूड टेक्नॉलॉजीत चालू आहे, विषय आपला कोल्हापुरी गूळ. रस उकळताना मळी काढायला रानभेंडीचं पाणी वापरून केलेला गूळ आणि हायड्रॉस (रंग उजळ करायची सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर) मारलेला पिवळाधमक गूळ, या दोन्हीची तुलना. करवीर आणि पन्हाळा तालुक्यातल्या गुऱ्हाळांवरनं सॅम्पल गोळा केलेत, तेही गुळव्यांच्या शिव्या खाऊन (आमच्या काहिलीत तुमचं थर्मामीटर बुडवू नका म्हणून). पेपर एका इंटरनॅशनल जर्नलला पाठवला तर रिव्ह्यूअरकडं न जाताच परत आला. मेल एका ओळीचा, सिमिलॅरिटी (म्हणजे आधी छापलेल्या मजकुराशी जुळणारा भाग) ३१ टक्के आहे, १५ च्या खाली आणून पुन्हा सबमिट करा. सोबत रिपोर्टची पीडीएफ, रंगपंचमी झालीय नुसती.

रिपोर्टात सगळ्यात वर माझाच दोन वर्षांपूर्वीचा कॉन्फरन्स पेपर आहे, ९ टक्के. मग शोधगंगेवरचा (भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) कुठला तरी थिसिस ४ टक्के, आणि बाकी एक-एक दोन-दोन टक्केवाले ढीगभर सोर्स. रेफरन्स लिस्ट पण अख्खी रंगलीय. ओव्हन १०५ डिग्रीला ठेवून सॅम्पल वजन स्थिर होईपर्यंत वाळवलं, हे वाक्य सुद्धा लाल. आता ह्याला दुसरं काय लिहू मी? आणि शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली नि गुळाची पेठ उभी राहिली हे इंट्रोडक्शनमधलं वाक्य तर पाच सोर्सशी जुळलंय, गुळावर लिहिणारा प्रत्येक जण तिथनंच सुरू करतो त्याला मी काय करू.

गाईड सर म्हणाले आकडा खाली आण, कसा ते तू बघ. राजारामपुरीत एका झेरॉक्स-बायंडिंगवाल्यानं 'प्लेजरिझम चेक व रिमूव्हल' असा बोर्डच लावलाय, पानावर रेट आहे. मैत्रीण म्हणते देऊन टाक आणि मोकळी हो. देऊ का?

भावा_नाद_खुळा
एवढं काय टेन्शन घ्यायचं, पॅराफ्रेझचं टूल असतंय की, पॅरा टाकायचा, बटण दाबायचं, आकडा धाडदिशी खाली. आमच्या बॅचनं सगळ्यांनी हेच केलंय.

एडिटिंगवाली_आत्या
@भावा_नाद_खुळा नाद खुळा नाही, करिअर खुळं होईल पोरीचं. मी एका प्रकाशकाकडं मॅन्युस्क्रिप्ट डेस्कवर काम करते, घरनंच, आणि असले टूलमधनं काढलेले पेपर रोज बघते. पहिल्या पॅऱ्यातच कळतं. २०२१ मध्ये कबानाक, लाबे आणि मागाझिनोव्ह या तिघांनी हाच प्रकार उघड्यावर आणला. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बोसम पेरिल', असले शब्द छापून आलेल्या पेपरात सापडले. टूलला शास्त्रातले ठरलेले शब्द कळत नाहीत, ते आपलं समानार्थी शब्द घालत सुटतं. आता असले पेपर हुडकणारं वेगळं सॉफ्टवेअर पण आहे आणि त्यातनं पेपर मागं घेतले गेलेत. तुझ्या गुळात 'रिड्यूसिंग शुगर' चं 'लेसनिंग स्वीट' झालं तर रिव्ह्यूअर हसून हसून मरेल आणि नंतर रिजेक्ट करेल.

आता मूळ प्रश्न. बहुतेक मोठे प्रकाशक क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेची सिमिलॅरिटी चेक सेवा वापरतात, ती २००८ ला क्रॉसचेक नावानं सुरू झाली, आत इंजिन टर्निटिन कंपनीच्या आयथेंटिकेट सॉफ्टवेअरचं. प्रकाशक आपापल्या लेखांचा पूर्ण मजकूर त्यात तपासणीसाठी उघडा करतात, म्हणून पैसे भरून वाचायचे पेपरही त्यात जुळतात, गुगलला जे दिसत नाही ते पण. पण ते सॉफ्टवेअर चोरी पकडत नाही गं. हे शब्द अजून कुठं आहेत एवढंच ते दाखवतं. चोरी आहे का नाही हे माणसानं वाचून ठरवायचं, आणि कंपनीवाले स्वतः पण हेच सांगतात.

आम्ही डेस्कवर काय करतो सांगते. आधी फिल्टर लावायचे, रेफरन्स वगळा, अवतरणातला मजकूर वगळा, अमुक शब्दांपेक्षा छोटे तुकडे वगळा. तुझा रिपोर्ट बहुतेक फिल्टर न लावता काढलाय, कारण रेफरन्स लिस्ट रंगलीय म्हणतेस. कुणीतरी घाईत बटण दाबलंय आणि तयार मेल पाठवलाय. फिल्टर लावल्यावर ३१ चे किती उरतात ते बघायला पाहिजे, बराच फरक पडतो. मग एकूण आकडा सोडून एकेक सोर्स उघडायचा आणि कुठल्या सेक्शनमध्ये काय जुळलंय ते वाचायचं. मेथडमध्ये सुटी सुटी वाक्यं जुळली तर आम्ही पुढं सरकतो. डिस्कशनमध्ये एकाच सोर्समधले सलग सात-आठ ओळींचे ठोकळे दिसले तर मग आकडा ६ टक्के असू दे नाहीतर ६०, पेपर थांबतो. ३० टक्केवाला पेपर स्वच्छ निघालेला मी बघितलाय आणि ८ टक्केवाल्यात अख्खं निष्कर्षाचं पान दुसऱ्याचं होतं.

तुझा तो कॉन्फरन्स पेपर, त्याला म्हणतात टेक्स्ट रीसायकलिंग. कोपची (कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, १९९७ पासनं आहे) त्यावर एडिटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मेथडमध्ये स्वतःचंच थोडं पुन्हा आलं तर बहुतेक ठिकाणी समजून घेतात, पण जुने रिझल्ट नवे म्हणून परत विकायचे नाहीत. कव्हर लेटरमध्ये सरळ लिही की हे काम आधी अमुक कॉन्फरन्समध्ये थोडक्यात मांडलंय, त्यात एवढेच सॅम्पल होते, इथं नवीन काय आहे ते हे. आणि पेपरात पण तो कॉन्फरन्स पेपर साइट कर, म्हणजे त्याचा संदर्भ दे. लपवलं की मग ते वाईट दिसतं.

ग्रंथालयातली_मावशी
झेरॉक्सवाल्याकडं अजिबात द्यायचं नाही बाळा. पैशाचं सोड. तो कुठल्या खात्यातनं चेक करतो ते तुला माहीत नसतं, आणि खात्याचं सेटिंग 'रिपॉझिटरीत साठवा' असं असलं तर तुझा पेपर त्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. नंतर कॉलेजमधनं त्याच सॉफ्टवेअरवर चेक केलं की ९० च्या वर, आणि सोर्सला नाव कुठल्या तरी अनोळखी संस्थेच्या विद्यार्थ्याचं. आमच्याकडं एक मुलगा असाच रडकुंडीला आला होता, स्वतःच्या थिसिसचा चोर स्वतःच. ते डिलीट करायला ज्याच्या खात्यातनं टाकलं त्यालाच विनंती करावी लागते, आणि तो फोन उचलत नाही.

तुझ्या संस्थेच्या लायब्ररीत विचार. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या शोधशुद्धी योजनेतनं २०१९ पासून विद्यापीठांना सॉफ्टवेअर मिळतं, आधी उरकुंड होतं, आता ड्रिलबिट. बहुतेक ठिकाणी गाईडच्या सहीनं फुकट चेक करून देतात. फक्त जाताना सांगायचं की रिपॉझिटरीत साठवू नका, ड्राफ्ट आहे. आणि ड्रिलबिटचा आकडा नि आयथेंटिकेटचा आकडा एकच येईल असं धरून बसू नकोस, दोघांचे डेटाबेस वेगळे. इथं १२ आला म्हणून जर्नलकडं १२ च येणार असं काही नाही.

यूजीसीच्या नियमाचा पण बराच घोळ असतो लोकांच्या डोक्यात. २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० असेल तर थिसिस दुरुस्त करून जास्तीत जास्त ६ महिन्यांत परत द्यायचा, ४० ते ६० ला वर्षभर सबमिट करायला बंदी, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच नियमात काय वगळायचं ते पण लिहिलंय, ते कुणी वाचत नाही: संदर्भयादी, अनुक्रमणिका, प्रस्तावना (प्रीफेस, इंट्रोडक्शन नव्हे), ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायदे, ठरलेली चिन्हं नि समीकरणं, आणि सर्वसामान्य माहितीचे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे. तुझं शाहूपुरीचं वाक्य त्यातच बसायला हरकत नाही. जर्नलचा १५ चा आकडा हा जर्नलचा स्वतःचा, त्याचा यूजीसीशी संबंध नाही, तेव्हा एडिटरला यूजीसी दाखवून भांडायला जाऊ नकोस.

तो ४ टक्केवाला शोधगंगेचा थिसिस उघडून बघितलास का? मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

कमिटीतला_सर
आत्याबाईंचं पटतं पण एक सांगतो, आकडा नको म्हणणं सोपं आहे. आमच्या कमिटीपुढं एका बैठकीत डझनभर थिसिस असतात, विषय झूलॉजी पासून लोकसाहित्यापर्यंत, प्रत्येक रिपोर्ट सोर्स-सोर्स उघडून कोण वाचणार? आकडा असला की निदान कुणाला सूट दिली, कुणाला नाही यावरनं भांडण होत नाही. आकडा काढला तर वशिल्याचं राज्य येईल, हे पण लक्षात घ्या.

मराठीचा_मास्तर
सर, मग आमच्या विभागात या आणि आकड्याची गंमत बघा. मराठीतल्या थिसिसला शून्य टक्के, दोन टक्के असे रिपोर्ट येतात आणि सगळे खूश. कारण काय, तर थिसिस श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टाईप केलेला. आपल्याला स्क्रीनवर देवनागरी दिसतं, पण फाईलच्या आत ती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं असतात, फॉन्ट फक्त वर मुखवटा चढवतो. सॉफ्टवेअरला आतला कचरा दिसतो, तो जगात कुठंच जुळत नाही, म्हणजे थिसिस शंभर टक्के ओरिजिनल! जुन्या थिसिसची बरीच पानं तर स्कॅन केलेली चित्रं आहेत, त्यांच्याशी जुळणार तरी कसं. माझ्याकडं तपासायला आलेल्या एका प्रबंधात चाळीसेक पानं एका जुन्या पुस्तकातनं उतरलेली होती, मला ती पानं ओळखीची वाटली म्हणून कळलं, रिपोर्टवर ३ टक्के होते. नि इंग्रजी पुस्तकाचं मराठीत भाषांतर करून स्वतःच्या नावावर खपवलं तर अक्षर न् अक्षर नवीन, सॉफ्टवेअर बिचारं काय करणार.

आता युनिकोड सक्तीचा केला तर थोडं बरं होईल, पण तिथंही पीडीएफमधनं मजकूर काढताना जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते. म्हणून आम्ही मुलांकडनं वर्ड फाईलच मागतो. वशिल्याचं म्हणाल सर, तर शून्यवाल्याला पेढे आणि ३१ वाल्या पोरीला परत पाठवणी, हा पण एक वशिलाच झाला, फॉन्टचा.

भावा_नाद_खुळा
हे फॉन्टचं भारीच हाय राव, मला म्हाईतच नव्हतं. मग इंग्रजी पेपरात पण काहीतरी असंच करता येईल का, अक्षरं बदलून? 😄

एडिटिंगवाली_आत्या
@भावा_नाद_खुळा लोकांनी करून झालंय. इंग्रजी 'ए'च्या जागी तसाच दिसणारा रशियन 'ए' घालायचा, नाहीतर पांढऱ्या रंगात अवतरणचिन्हं लपवायची. सॉफ्टवेअर आता त्याला झेंडा लावून वेगळं दाखवतं. जुळलेला मजकूर निष्काळजीपणा म्हणून एक वेळ खपेल, ते झेंडे दिसले की हेतूच उघडा पडतो. आणि मजकूर एआयनं लिहिलाय का ते सांगणारं जे टक्केवारीचं खातं टर्निटिननं २०२३ पासून सुरू केलंय ते वेगळं, सिमिलॅरिटीत मिसळू नका, त्याचा भरवसा तर अजून कमी.

गुळाची_ढेप
सगळ्यांचे आभार. लायब्ररीत जाऊन रेफरन्स नि छोटे तुकडे वगळून परत रिपोर्ट काढला, सॉफ्टवेअर वेगळं आहे पण १७ आला. मावशी म्हणाल्या म्हणून तो शोधगंगेचा थिसिस उघडला. तो आमच्याच लॅबमधल्या सीनियरचा आहे, २०१६ चा. जुळलेला भाग म्हणजे हायड्रॉसमुळं गुळात सल्फर डायऑक्साईड कसा उरतो त्यावरचा सलग एक पॅरा, आणि तो पॅरा आमच्या लॅबच्या कॉमन फोल्डरमध्ये 'इंट्रो फायनल' नावाच्या फाईलमध्ये पडलेला असतो, सर नवीन आलेल्या प्रत्येकाला तीच फाईल देतात. सरांना दाखवलं तर म्हणाले लॅबचंच आहे की, त्यात चोरी कसली. आता खाली सीनियरचा संदर्भ टाकला की झालं ना?

एडिटिंगवाली_आत्या
नाही होत. संदर्भ दिला म्हणून दुसऱ्याची वाक्यं जशीच्या तशी ठेवता येत नाहीत, ठेवायची तर अवतरणात, आणि सायन्सच्या पेपरात अख्खा पॅरा अवतरणात कुणी ठेवत नाही. तो पॅरा बंद कर, सीनियरनं ज्या मूळ पेपरांवरनं तो लिहिला ते तीन-चार पेपर उघड, वाच, आणि तुझ्या सॅम्पलला लागू पडतं तेवढंच तुझ्या शब्दांत लिही. तुझ्याकडं तर करवीर-पन्हाळ्याच्या गुऱ्हाळांची ताजी आकडेवारी आहे, २०१६ च्या पॅऱ्याची गरजच काय. सीनियरचा थिसिस खरोखर कामाला आला असेल तर तोही साइट कर. ओव्हनचं वाक्य तसंच राहू दे. रिड्यूसिंग शुगर लेन-एनॉन या ठरलेल्या पद्धतीनं मोजली असशील तर 'लेन-एनॉन पद्धतीनं' म्हणून संदर्भ दे आणि फक्त तू केलेला बदल लिही, अर्धा पॅरा आपोआप जाईल.

ग्रंथालयातली_मावशी
आणि सरांशी वाद घालू नकोस, त्यांना म्हण मी ही फाईल अपडेट करून देते, नवीन संदर्भ घालून. नाहीतर पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाच्या पेपरात तुझाच पॅरा लाल दिसेल.

भावा_नाद_खुळा
ताई पेपर लागला की गूळ वाटायचा. हायड्रॉसवाला नको.