मदत हवी आहे: ८ जीबी रॅम पुरेल की १६ करू?

नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपमध्ये ८ जीबीची एकच डीडीआर४ रॅम आहे, विंडोज ११. मुलीचा ऑनलाइन वर्ग चालू असताना मी दहा-बारा टॅब आणि एक्सेल उघडलं की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर जाते, माउससुद्धा अडखळतो. काल उत्तर देताना तिचा आवाज मध्येच तुटला, फार वाईट वाटलं.

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीचीच आहे, पण इथे ८ सुद्धा अपुरी पडतेय. गेम, व्हिडिओ एडिटिंग आम्ही करत नाही. दुसरा स्लॉट रिकामा आहे. त्यात आणखी ८ टाकली तर ड्युअल चॅनेलचाही (दोन रॅम एकाच वेळी वापरून वेग वाढण्याचा) फायदा मिळेल. की एकदम ३२ करावी? मला तरी ती जास्त वाटते. जुनी रॅम २६६६ स्पीडची आहे, नवी ३२०० ची चालेल ना? वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॅम एकत्र लावलेल्यांनी अनुभव जरूर सांगा.