स्कॉटलंड वेगळा झाला तर पैशाचं गणित जमेल का?

प्रश्न: 2014 च्या सार्वमतात 55 टक्के लोक ब्रिटनपासून वेगळं व्हायला नको म्हणाले तरी विषय संपत नाही. भावना बाजूला ठेवून फक्त आर्थिक बाजू कोणी सांगेल का?

प्रतिसाद 1: खरं दुखणं चलनाचं आहे. पौंडच ठेवला तर व्याजदर बँक ऑफ इंग्लंड ठरवणार, आणि बँका अडचणीत आल्या तर मागे उभं कोण राहणार? ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री ओसबोर्न यांनी 2014 मध्येच सामायिक चलनाला सरळ नाही म्हटलं होतं. बरं स्वतःचं चलन काढलं, तर लोकांचं गृहकर्ज पौंडात आणि पगार नव्या चलनात, ते घसरलं की दर महिन्याला हप्ता भरताना नाकी नऊ येणार. यावर पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

प्रतिसाद 2: चलनाचं मान्य, पण डेन्मार्क, आयर्लंड एवढेसेच देश आहेत आणि मस्त चाललेत की! व्हिस्की आहे, पवनऊर्जा आहे, एडिनबराचं फायनान्स आहे. आणि 2016 ला 62 टक्के स्कॉटिश मतदारांनी युरोपियन युनियनमध्ये राहायचं म्हटलं तरी सगळ्या ब्रिटनचा कौल उलटा म्हणून बाहेर पडावं लागलं, ते नुकसान कोण भरून देणार?

प्रतिसाद 3: @2 युरोपियन युनियनमध्ये परत गेले तर इंग्लंडच्या सीमेवर कस्टम्स येणार, आणि स्कॉटलंड बाहेर जो माल आणि सेवा विकतो त्यातला निम्म्याहून जास्त वाटा उरलेल्या ब्रिटनमध्येच जातो. उत्तर समुद्रातल्या तेलावर तर विसंबूच नये, 2014 च्या सार्वमताच्या वेळी बॅरल शंभर डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी 2016 मध्ये तीसच्या खाली. नॉर्वेने तेलाच्या पैशाचा फंड साठवला, तसा तेलाच्या चांगल्या दिवसांतच साठवायला हवा होता, लंडनने तो साठवला नाही याचा राग मात्र मला रास्त वाटतो.