स्ट्रोक्सचा 'कमडाउन मशीन' तुम्ही पुन्हा ऐकलात का?

न्यूयॉर्कच्या 'द स्ट्रोक्स' ह्या रॉक बँडवर एके काळी आपल्यातल्या बऱ्याच जणांचा जीव होता. २००१ चा त्यांचा पहिला अल्बम 'इज धिस इट' आमच्या हॉस्टेलात एमपीथ्री सीडीवरून खोलीखोलीत फिरला. पण २०१३ च्या 'कमडाउन मशीन'चं नाव काढलं की सगळे गप्प. बँडनेही तो वाऱ्यावरच सोडला होता : ना मुलाखती, ना दौरा. आरसीए ह्या रेकॉर्ड कंपनीसोबतच्या करारातला हा पाचवा आणि शेवटचा अल्बम. कव्हर टेपच्या जुन्या खोक्यासारखं, कंपनीचं नाव भलंमोठं. 'हा घ्या तुमचा माल' म्हणून टेबलावर ठेवल्यासारखं! गेल्या महिन्यात मी तो दहा-बारा वर्षांनी लावला आणि लागोपाठ दोनदा ऐकला. तुमचे अनुभव लिहा. आवडला नसेल तरी लिहा.

*

जानेवारी २०१३ मध्ये ह्या अल्बममधलं 'वन वे ट्रिगर' फुकट मिळत होतं. उतरवलं, लावलं, आणि चुकीची फाइल आली समजून परत उतरवलं! कीबोर्डवर 'आ-हा' ह्या पॉप बँडच्या छापाची ऐंशीच्या दशकातली धून, त्यावर गायक ज्युलियन कॅसाब्लांकास चिरक्या आवाजात. रूममेट म्हणाला, "कुठलं कार्टून लावलंयस?" मी लॅपटॉप मिटला. खरं तर मला 'इज धिस इट'मधल्या 'लास्ट नाइट'सारखं आणखी एक गाणं हवं होतं, दुसरं काहीच नको होतं. आता ऐकलं तर त्या कीबोर्डखाली गिटारी अजून तशाच धावतायत. तेव्हा तिथपर्यंत पोचलोच नव्हतो.

*

+१. 'फिफ्टी फिफ्टी' हे गाणं मात्र मी आजही न ऐकता पुढे ढकलते.

*

२९ जानेवारी २०२३, महालक्ष्मी रेसकोर्स. लोलापलूझा ह्या संगीत महोत्सवात स्ट्रोक्स प्रत्यक्ष पाहिले, घसा बसेपर्यंत ओरडलो. परतताना दादरचा पूल चढत होतो, तेव्हा हेडफोनमध्ये आपोआप 'कॉल इट फेट, कॉल इट कर्मा' लागलं. ह्या अल्बमचं शेवटचं गाणं. शेजारच्या घरात कुणीतरी जुनी तबकडी लावलीय आणि मधलं दार बंद आहे, असं वाटतं. कल्याण लोकल समोरून गेली, मी पुलावरच उभा. नंतर घरी एकदा स्पीकरवर लावलं तर आई म्हणे, "रेडिओ बिघडला का रे?"

*

वरच्या दादा, ते गाणं माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला रीलमुळे पाठ आहे. "मावशी, तुला हा बँड माहितीये?" असं मलाच विचारते! 'इज धिस इट' तिने ऐकलेलाच नाही. त्यामुळे तुलना करून नाक मुरडायचा प्रश्नच नाही. हेवा वाटला.

*

जरा थांबा. दुर्लक्षित म्हणून लगेच थोर? अकरा गाण्यांपैकी चार मला भरताड वाटतात. 'टॅप आउट' उत्तम. सुरुवातीचा गिटारचा किंचाळा आणि लगेच ती दबकी, नाचरी चाल. 'वेलकम टू जपान'ही. पण ह्याच वाटेने जाऊन २०२० चा 'द न्यू अबनॉर्मल' झाला, त्याला ग्रॅमी मिळालं. मला हा अल्बम त्याची कच्ची वही वाटतो.

*

माझी तर सीडीच आहे. २०१३ मध्ये घेतली, इथेतिथे टीका वाचली आणि प्लॅस्टिकसुद्धा न काढता ठेवून दिली. हा धागा वाचून काल काढलं. घरात सीडी लावायला काही उरलेलं नाही, म्हणून रात्री खाली पार्किंगमध्ये जुन्या गाडीत बसून ऐकली. सातव्या गाण्याला वॉचमनकाकांनी काच ठोकली : "साहेब, घरी भांडण झालं का?"