व्हिएतनामच्या प्रवासासाठी डॉलर किती घ्यावेत, कार्ड कोणते वापरावे आणि डोंग कुठे मिळतील?

करवीरनिवासी (प्रश्न)

नमस्कार. दिवाळीनंतर पत्नी आणि सासूबाई यांच्यासह व्हिएतनामला जाण्याचे ठरले आहे. हनोई, हालाँग उपसागर, दा नांग, होई आन आणि शेवटी हो चि मिन्ह सिटी असा मार्ग आहे. विमानाची तिकिटे आणि हॉटेले आम्ही स्वतःच आरक्षित केली असल्यामुळे पैशांची व्यवस्थाही आम्हालाच पाहावी लागणार आहे. कोल्हापुरात चौकशी केली, परंतु डोंग हे चलन कुठेही मिळाले नाही. बँकेने डॉलरचे फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड, घेण्याचा आग्रह धरला, तर एका स्नेह्यांचे म्हणणे असे की नेहमीचे क्रेडिट कार्ड पुरेसे आहे. एका दुकानदाराने तर पावती न घेतल्यास डॉलरमागे दीड रुपया कमी लावू, असेही सुचवले.

हॉटेले वगळून तिघांचा तिथला खर्च सुमारे दीड लाख रुपये होईल असा अंदाज आहे. यातील रोख किती आणि कार्डावर किती ठेवावे? पावतीशिवाय डॉलर घेण्यात नेमका धोका कोणता? सासूबाईंचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि वाटेत पैशांवाचून कुठे अडू नये, एवढीच माझी काळजी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त बँकर, पुणे

सर्वप्रथम त्या दुकानदाराविषयी. पावतीशिवाय डॉलर मुळीच घेऊ नका. परकीय चलन विकण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या बँकांना आणि मनी चेंजरनाच आहे. परवान्याबाहेरचा व्यवहार 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा भंग ठरतो आणि त्यासाठी व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय एखादी नोट बनावट निघाली तर दाद मागायला हातात कागदाचा कपटाही नसतो. परवानाधारक दुकानात परवाना दर्शनी भागात लावलेला असतो. तो पाहूनच आत शिरावे.

आता कायदेशीर खरेदीविषयी. पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा व तिकीट दाखवून आणि एक घोषणापत्र भरून डॉलर मिळतात. पन्नास हजार रुपयांपर्यंतचे मोल रोखीने चुकते करता येते. त्यापुढे धनादेश, कार्ड किंवा खात्यातून वर्ग करूनच द्यावे लागते. एका प्रवासासाठी प्रत्येक व्यक्तीला 3,000 डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, त्यामुळे आपल्या अंदाजाला ही मर्यादा आड येणार नाही. मात्र तिघांचे डॉलर एकाच नावावर घेऊ नका. सासूबाईंच्या वाट्याचे डॉलर त्यांच्याच पासपोर्टवर, त्यांच्याच पॅनवर आणि शक्यतो त्यांच्याच खात्यातून घ्यावेत, म्हणजे पुढे हिशेबाचा प्रश्न उरत नाही.

आपला खरा प्रश्न खर्चाचा आहे, आणि तिथे बहुतेक लोक केवळ डॉलरचा दर पाहतात. माझ्या मते पाहावयाची गोष्ट ही की रुपयाचे डोंग होईपर्यंत पैसा कितीदा बदलतो आणि प्रत्येक वेळी त्यातून कोण किती काढून घेतो. क्रेडिट कार्डावर डोंगमध्ये खर्च केल्यास अनेक बँका साडेतीन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लावतात. म्हणजे लाखामागे 4,130 रुपये गेले. फॉरेक्स कार्डाची जाहिरात ‘शुल्क नाही’ अशी असते, परंतु ती कार्डावर भरलेल्या चलनातच खर्च केल्यास खरी ठरते. डॉलर भरलेले कार्ड डोंगमध्ये चालवले की चलन दुसऱ्यांदा बदलते आणि त्यावर बहुधा वेगळे शुल्क लागते. युरोपला किंवा दुबईला जाणाऱ्यांसाठी हे कार्ड उत्तम आहे, कारण युरो आणि दिरहम त्यावर थेट भरता येतात. व्हिएतनामसाठी मी ते सुचवणार नाही.

रोख डॉलरचेही दोन बदल होतात, हे खरे. तरीही डॉलर नव्वद रुपयांना आहे असे धरून दुकानाने बाजारभावापेक्षा एक रुपया जास्त लावला, तर तोटा सव्वा टक्क्याच्या आतच राहतो. एक लाखाच्या खरेदीवर वस्तू व सेवा कर सर्वसाधारणपणे 180 रुपये पडतो. पुढे हनोईतल्या बँकेत डॉलरचे डोंग करताना आणखी थोडे जाते. एवढे सारे मिळूनही हा मार्ग साध्या क्रेडिट कार्डापेक्षा स्वस्त पडतो. म्हणून दीड लाखापैकी साधारण एक लाखाचे डॉलर रोख, तिघांत वाटून, आणि उरलेल्यासाठी परकीय व्यवहारावर शुल्क नसलेले किंवा अत्यल्प शुल्काचे कार्ड, अशी विभागणी मला योग्य वाटते.

स्रोतावरील कराची (टीसीएस, म्हणजे परकीय चलन विकतानाच वसूल केला जाणारा आयकर) चिंता करू नये. एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतच्या अशा खरेदीवर तो लागत नाही. सहल कंपनीचे पॅकेज घेतले असते तर गोष्ट वेगळी होती.

सायगाववासी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. कामानिमित्त काही वर्षांपासून हो चि मिन्ह सिटीत राहतो, म्हणून इथल्या बाजूचे लिहितो.

डॉलरच्या नोटा शंभराच्या आणि पन्नासच्याच घ्या, आणि त्या करकरीत असू द्या. घडी पडलेली, शिक्का मारलेली, पेनाची रेघ असलेली किंवा कोपरा फाटलेली नोट इथे परत केली जाते, नाहीतर तिला कमी दर मिळतो. पाच-दहाच्या नोटांनाही दर कमी मिळतो. त्यामुळे दुकानदार देईल ते पाकीट तसेच खिशात न घालता काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून पाहा आणि खराब असेल ती बदलून मागा.

विमानतळावर उतरल्यावर शंभर डॉलर बदलून घ्या, म्हणजे टॅक्सी, सिमकार्ड आणि पहिल्या दिवसाचे जेवण भागेल. उरलेले शहरातल्या बँकेत बदला. सोन्याच्या दुकानांत बरा दर मिळतो असे आपल्याला अनेकजण सांगतील, पण तिथेही परवान्याचा प्रश्न आहेच. 2018 साली कान थो शहरात एका माणसाने सराफाकडे शंभर डॉलर बदलले आणि त्याला नऊ कोटी डोंगांचा दंड ठोठावण्यात आला. त्यावर देशभर ओरड झाली, नंतर नियमही सौम्य झाले, परंतु परक्या मुलुखात अशा भानगडीत पडण्याचे कारण नाही. डॉलरने थेट खरेदीही करू नका. इथे किंमत डोंगमध्येच सांगण्याचा कायदा आहे आणि डॉलर घेणारा विक्रेता दर स्वतःच्या सोयीचा लावतो.

शून्यांची सवय होईपर्यंत मात्र गोंधळ उडतो. एका रुपयाला सुमारे तीनशे डोंग येतात. शेवटची तीन शून्ये सोडा, उरलेल्याची तिप्पट करा आणि वर थोडे धरा, म्हणजे रुपये कळतात. हॉटेलातल्या पाटीवर ‘50 के’ लिहिलेले असते, ते पन्नास हजार डोंग, म्हणजे सुमारे 170 रुपये. हजारांनंतर इथे स्वल्पविरामाऐवजी टिंब देतात, त्यामुळे 500.000 हा आकडा पाचशे नसून पाच लाख आहे.

सर्वांत जपावयाची जोडी म्हणजे वीस हजाराची आणि पाच लाखांची नोट. दोन्ही निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह यांचे चित्र, दोन्ही गुळगुळीत पॉलिमरच्या. एकीची किंमत सत्तर रुपयांच्या आत, तर दुसरीची सतराशेच्या आसपास. मागची बाजू पाहिली की फरक लगेच ध्यानात येतो: वीस हजाराच्या नोटेवर होई आनचा छप्पर असलेला जुना पूल आहे, जो आपण प्रत्यक्ष पाहणारच आहात, आणि पाच लाखांच्या नोटेवर हो चि मिन्ह यांचे जन्मघर. सासूबाईंना पाच लाखांच्या नोटा देऊच नका. त्यांच्या बटव्यात दहा, वीस आणि पन्नास हजाराच्या नोटा असल्या की फळे, पाणी, कॉफी सर्व काही निर्धास्तपणे घेता येईल.

ठाणेकर

कार्डाविषयी एक महत्त्वाची भर. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवे कार्ड केवळ भारतातील व्यवहारांसाठी चालू असते. परदेशातील वापर आपणहून सुरू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये एटीएम, दुकानातील यंत्र आणि ऑनलाइन यांची बटणे वेगवेगळी असतात. व्हिएतनामच्या ई-व्हिसाचे 25 डॉलर कार्डाने भरले गेले म्हणजे ऑनलाइनचे बटण चालू आहे एवढेच सिद्ध होते. तेवढ्यावरून तिथले एटीएम पैसे देईल असे गृहीत धरू नये. तिन्ही बटणे घरूनच तपासावीत.

दुसरे असे की तिथे एटीएम किंवा दुकानातील यंत्र ‘रुपयांत आकारणी करू का’ असे विचारते आणि पडद्यावर रुपयांचा नेमका आकडा दाखवते. ओळखीचे चलन दिसल्याने मन तिकडे ओढ घेते, परंतु तो दर यंत्राच्या बँकेने लावलेला असतो आणि बहुधा महाग असतो. शिवाय रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावरही आपल्याकडील अनेक बँका शुल्क घेतात. प्रत्येक वेळी डोंगच निवडावे. एटीएममधून दर वेळी वेगळे शुल्क कापले जात असल्याने थोडे थोडे न काढता एकदाच पुरेशी रक्कम काढावी.

करवीरनिवासी

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. पावतीशिवाय डॉलर घेण्याचा विचार मनातून पूर्णपणे काढून टाकला आहे आणि तिघांच्या नावे वेगवेगळी खरेदी करणार आहे. एक शेवटची शंका: परत येताना डोंग आणि डॉलर उरले तर काय करावे?

निवृत्त बँकर, पुणे

डोंग भारतात सहसा कोणी घेत नाही, त्यामुळे परतीच्या विमानापूर्वी ते तिथेच बदलून घ्यावेत. त्यासाठी पहिल्या वेळच्या बदलाच्या पावत्या आणि तिकीट जवळ ठेवा. शेवटच्या दोन दिवसांत नवे डॉलर न मोडता हातातल्या डोंगांतच भागवणे आणि हॉटेलचे किरकोळ बिल उरलेल्या नोटांनी देऊन बाकीची रक्कम कार्डाने भरणे, हे त्याहून सोपे.

डॉलरचे तसे नाही. परतल्यावर 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवता येतात. त्यापेक्षा जास्त असल्यास 180 दिवसांच्या आत बँकेला किंवा परवानाधारक मनी चेंजरला परत विकाव्या लागतात. आपल्याकडे एवढे उरणारच नाहीत. उरतील ते मात्र पावतीसह एका पाकिटात ठेवा. विकताना दर खरेदीच्या वेळेपेक्षा कमी मिळतो, म्हणून पुन्हा परदेशी जाण्याचा बेत असेल तर शे-दोनशे डॉलर विकण्याची घाई करू नये.