बर्लिनमध्ये पत्त्याची नोंदणी अडली आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. धाकटी लेक मास्टर्ससाठी १ ऑक्टोबरला बर्लिनला पोचली. तिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला दाखला लागतो. तिने खोली घेतली ती मूळ भाडेकरूकडून. आता ते म्हणतात, "दाखला मिळणार नाही, हवं तर खोली सोड." कायद्याने तो द्यावाच लागतो हे तिला माहीत आहे, पण परक्या गावात पहिल्याच महिन्यात पोरीने भांडायचं कुणाच्या जोरावर?

नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, रहिवासी परवान्याचा अर्जही अडलाय. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं, दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) महिन्याला ९९२ युरो मिळतात, त्यातले ६५० भाड्यातच जातात. मोठं डिपॉझिट भरून लगेच दुसरीकडे जाणं आम्हाला झेपणार नाही.

फोनवर "सगळं ठीक आहे आई" म्हणते, पण तिचा आवाज मला कळतो. इथे रात्रीचे साडेबारा होतात तेव्हा तिथे नऊ. तेव्हा ती जेवते, आणि मी तोवर जागी असते.

कुणाची मुलं यातून गेली आहेत का? दाखला मिळत नाही हे नोंदणी कार्यालयात लेखी सांगितलं तर ते काय करतात? विद्यापीठात हे कुणाकडे न्यायचं? आणि नोंदणी करू देणारी खोली, दोन-तीन महिन्यांपुरती का होईना, कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया मला मेसेज करा.