निवृत्तीनंतर गोल्फच्या सहली: पाचगणीत भागीदारीचा बंगला की सात रात्रींचं सदस्यत्व?

(चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव, कंसात जिल्हा.)

विश्रामबाग (सांगली)
साठीतलं जोडपं, दोघंही गोल्फ खेळणारी, वर्षाला दोन-तीन सहली करायच्या आहेत आणि त्यासाठी तीसेक लाख बाजूला काढता येतात. समोर दोन वाटा येतात. एक, रिसॉर्ट कंपनीचं २५ वर्षांचं टाइमशेअर सदस्यत्व, म्हणजे एकदाच पैसे भरून कंपनीच्या रिसॉर्टांत वर्षाला ७ रात्री राहण्याचा हक्क. दुसरी, चार ओळखीच्या कुटुंबांनी मिळून पाचगणीत बंगला घेणं. माझं मत सरळ बंगल्याच्या बाजूचं आहे.

हिशोब उदाहरणादाखल मांडतो. सदस्यत्व साडेचार लाखांचं धरा, वार्षिक शुल्क २२,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २५,९६०. साडेचार लाख ७ टक्क्यांनी ठेवीत असते तर वर्षाला ३१,५०० व्याज आलं असतं. दोन्ही मिळून ७ रात्रींना ५७,४६०, म्हणजे एक रात्र ८,२०० ची. वर मुदत संपल्यावर साडेचार लाख परत येत नाहीत, आणि शुल्क दरवर्षी वाढतं.

बंगला १ कोटी २० लाखांचा. प्रत्येकी ३० लाख, त्यावरचं बुडालेलं व्याज २ लाख १० हजार. राखणदार, वीज, घरपट्टी, डागडुजी असा वर्षाचा ३ लाख खर्च, वाट्याला ७५,०००. प्रत्येकाला १३ आठवडे म्हणजे ९१ रात्री, तर रात्र ३,१०० ची. शिवाय जागा नावावर राहते आणि विकताही येते.

यवतेश्वर (सातारा)
पूर्ण असहमत. धाग्याचा विषय गोल्फ आहे, आणि तुमच्या हिशोबात गोल्फ कुठेच नाही. पाचगणीत राहून खेळायचं कुठे? पुण्याला येरवड्याचं पूना क्लबचं मैदान किंवा लवळ्याचं ऑक्सफर्ड गाठायचं तर पसरणी घाट, सुरूर, खंबाटकी असं शंभरेक किलोमीटर. १८ होलच्या (चेंडू घालायच्या खळग्यांच्या) फेरीला चार-साडेचार तास लागतात आणि सहा ते आठ किलोमीटर चाल होते. पासष्टीतला माणूस पहाटे निघून हे करून त्याच दिवशी घाट चढणार का? तेवढ्यासाठी साताऱ्याच्या घरूनच निघालेलं बरं.

गोल्फ खेळणाऱ्याला मैदान बदलून हवं असतं. या वर्षी उटी, पुढच्या वर्षी कोडैकनाल, कधी सिमल्याजवळ नालदेहरा. सदस्यत्वात गाव बदलता येतं, बंगला जागचा हलत नाही. आणि ३० लाखांतून साडेचार लाख गेले की उरलेल्या साडेपंचवीस लाखांचं ७ टक्क्यांनी १,७८,५०० व्याज दरवर्षी हातात येतं. त्यातून ग्रीन फी (मैदानावर खेळायचं शुल्क), कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस), प्रवास सगळं भागतं.

संगमघाट (सांगली)
९१ रात्री हा आकडा कागदावरचा आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेर धुकं आणि संततधार, ते सोळा आठवडे वजा करा. उरले ३६. त्यातले मे अखेरचे दोन पावसापूर्वीच्या कामाला (छप्पर, पन्हळी, जलरोधक लेप) आणि ऑक्टोबरातले दोन पावसानंतरच्या कामाला जातात. राहिले ३२, म्हणजे प्रत्येकी ८ आठवडे, ५६ रात्री. रात्र ५,१०० वर गेली. जोडपं वर्षाला २० रात्रीच राहिलं तर १४,२५०.

जांभ्याची भिंत पाणी धरते. पावसाळ्यात घर बंद ठेवलं की गाद्या, कपाटं, चामडी वस्तू यांना बुरशी लागते. गोल्फचे हातमोजे आणि क्लबच्या (चेंडू मारायच्या काठ्यांच्या) मुठी तिथे ठेवून येऊ नका. स्टीलच्या दांड्यालाही जिथे खरचटलंय तिथे गंज धरतो. राखणदाराला आठवड्यातून दोनदा उघडीप बघून खिडक्या उघडायला सांगायचं, आणि ते पगाराच्या बोलीतच ठरवायचं.

विश्रामबाग
पावसाचा मुद्दा मान्य, ५६ रात्रीच धरायला हव्या होत्या. तरीही ३० लाख बंगल्यात शिल्लक राहतात, हे विसरू नका. सदस्यत्व विकायला गेलं तर गिऱ्हाईक मुश्किलीने मिळतं.

कासरस्ता (सातारा)
भागीदारीचा बंगला विकणंही सोपं नाही, म्हणून कागदाबद्दल लिहितो. मित्र-मित्र म्हणून साध्या कागदावर ठरवणं ही सगळ्यात मोठी चूक.

खरेदीखतात चौघांची नावं आणि प्रत्येकाचा चौथा हिस्सा स्पष्ट लिहायचा. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा. प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत आहे म्हणून सुटका होत नाही, १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या खरेदीदारांची रक्कम एकत्र धरतात. मग मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर फेरफार. जमीन शेतीची असेल तर शेतकरी नसलेल्याला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, त्यामुळे बिगरशेती आदेश आधी पाहायचा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र नसलेला बंगला कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका.

आता खरी अडचण. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे सहमालक आपला हिस्सा परक्याला विकू शकतो, बाकी तिघांना विचारायचं बंधन नाही. म्हणून ‘आधी आपसात विचारणा, ६० दिवसांत उत्तर, मूल्यांकन दोघा मान्यताप्राप्त मूल्यांककांच्या सरासरीने’ असं कलम वेगळ्या सहमालकी करारात घालावं लागतं. ते नसेल आणि वाटणीचा दावा लागला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याखाली निम्म्या किंवा त्याहून जास्त हिश्श्याच्या मालकांच्या मागणीवर न्यायालय बंगला विकायला लावू शकतं.

आणि चौघंही साठीतले असतील तर पंधरा वर्षांत चौघांच्या जागी नऊ-दहा वारस येतात. कोणी पुण्यात, कोणी परदेशात. प्रत्येकाने मृत्युपत्रात हा हिस्सा एकाच वारसाला द्यावा.

संगमघाट
आठवडे वाटताना ‘दिवाळी कायम तुमची, मे कायम आमचा’ असं करू नका. निवडीचा क्रम दरवर्षी एकाने सरकवा. यंदा पहिला निवडणारा पुढच्या वर्षी चौथा. एका फेरीत प्रत्येकाने एकच आठवडा उचलायचा, अशा आठ फेऱ्या. खर्चासाठी चौघांचं संयुक्त बचत खातं, दर तिमाहीला आगाऊ भरणा.

विश्रामबाग
कासरस्ता यांचा करार असेल तर बंगला सुरक्षित आहे, माझं म्हणणं तेच आहे. टाइमशेअरला भारतात स्वतंत्र कायदाच नाही. युरोपीय संघात सही केल्यावर १४ दिवसांत विनाकारण माघार घेता येते. इथे करारात जी मुदत लिहिली असेल तीच खरी. हॉटेलातल्या चहापानाला बोलावून ‘आजच सही केली तर सवलत’ म्हणणाऱ्यांसमोर निवृत्त माणसाने काय करायचं?

यवतेश्वर
सही न करता कराराचा मसुदा घरी आणायचा. तो देत नसतील तर तिथेच उठायचं. मसुद्यात चार गोष्टी शोधा: वार्षिक शुल्क किती टक्क्यांनी वाढू शकतं, न वापरलेल्या रात्री किती वर्षं पुढे नेता येतात, मेमधली उटी तुमच्या सीझनमध्ये (सदस्यत्वात ठरलेल्या हंगामात) बसते का, आणि सदस्य वारल्यावर शुल्काची जबाबदारी वारसांवर येते का. तोंडी आश्वासन धरू नका. फसवणूक झालीच तर ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात होते, सांगली-साताऱ्यातच.

औदुंबर (सांगली)
दोन्ही बाजू खोलीवर भांडताहेत. गोल्फच्या सहलीत खोली शेवटी ठरते, टी टाइम (मैदानावर खेळ सुरू करायची राखीव वेळ) आधी. रिसॉर्टचं सदस्यत्व म्हणजे गोल्फ क्लबात प्रवेश नव्हे. जुन्या क्लबांत शनिवार-रविवारची सकाळ बहुधा सभासदांसाठी असते. पाहुण्याला संलग्न क्लबचं पत्र किंवा हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला मागतात. आधी क्लबला फोन, सोमवार ते गुरुवारची वेळ पक्की, मग त्या तारखांना खोली. सदस्यत्वाच्या रात्री त्या तारखांना मिळाल्या नाहीत तर सगळा हिशोब फुकट. म्हणून माझ्या मते दोन्ही नको, भाड्याने राहा.

उटीचं गणित सांगतो. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू, पुढे म्हैसूरमार्गे गाडी. बंदीपूरचा रस्ता रात्री ९ ते पहाटे ६ बंद असतो, त्यामुळे दुपारीच म्हैसूर सोडायचं. मे २०२४ पासून उटी आणि कोडैकनालला बाहेरच्या गाडीला ई-पास लागतो, तो निघण्यापूर्वी काढायचा. क्लबची पिशवी बारा-पंधरा किलोची होते. नियमाने १४ क्लब चालतात, पण सहलीला नऊ-दहा पुरतात आणि हमाली वाचते. कोडैकनालला ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस असतो, तेव्हा जानेवारी ते मार्च धरा.

उटी २,२०० मीटरवर आहे. पहिल्या दिवशी ९ होलच खेळायचे, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नक्कीच. तिथल्या विरळ हवेत चेंडू आठ-दहा टक्के लांब जातो. खाली जिथे सात नंबरचं आयर्न (धातूच्या टोकाचा क्लब) काढता, तिथे आठ काढा; नंबर वाढला की चेंडू कमी लांब जातो.